दहावा माणूस

ज्यू घरात कुणी गेलं की कद्दिश म्हणतात. या प्रार्थनेत मरणाचा उल्लेखही नाही. गेलेल्या माणसाचं नाव नाही, त्याच्या आत्म्याला शांती मिळो असं मागणं नाही, रडणं तर नाहीच. 'त्याचं थोर नाव वाढो, पवित्र मानलं जावो' अशी सुरुवात होते आणि शेवटपर्यंत देवाची स्तुतीच चालते. भाषा बरीचशी अरामी, एके काळी पश्चिम आशियात घराघरांत बोलली जाणारी. आई किंवा वडील गेले तर मुलगा अकरा महिने रोज ती म्हणतो. मात्र एकट्याने म्हणायची सोय नाही. परंपरेनुसार तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमावे लागतात. त्या दहांना मिन्यान म्हणतात. ज्याचं माणूस गेलं तो उभा राहून म्हणतो आणि ठरलेल्या जागी बाकीचे उत्तर देतात. उत्तर देणारे नसतील तर कद्दिश होत नाही. दुःख कितीही मोठं असो, आधी माणसं जमवावी लागतात.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी ठाण्यात पाहिलं. ठाण्यात बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, वस्ती जुनी, तिथलं शार हशामायिम हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १८७९ सालचं. माझी शाळेतली एक मैत्रीण त्या समाजातली. तिचे वडील गेले तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. घरातले आरसे चादरींनी झाकलेले, सगळे खाली सतरंजीवर बसलेले. संध्याकाळच्या प्रार्थनेला माणसं जमत होती, पण नऊच झाली. त्यांच्यातली बरीच कुटुंबं तोवर इस्रायलला जाऊन स्थायिक झालेली, त्यामुळे दहा पुरुष गोळा करणं हे कामच होऊन बसलं होतं. दहावे गृहस्थ कळव्याहून निघाले होते आणि लोकल मधेच खोळंबली होती. मैत्रिणीचे मामा दाराशी उभे राहून पुन्हा पुन्हा मोजत होते, पण एक-दोन-तीन असं नाही. माणसांना आकड्यांनी मोजू नये अशी ज्यूंची जुनी रीत आहे. स्तोत्रसंहितेतली एक दहा शब्दांची ओळ असते, तिचा एकेक शब्द एकेका माणसावर ठेवत जायचं. मामा ओळ सुरू करत, नजर एकेकावरून फिरवत, आणि 'हाओलाम' हा शेवटचा शब्द कुणावर पडायच्या आधीच त्यांना थांबावं लागे. मग खिडकीतून खाली पाहत. बऱ्याच वेळाने ते गृहस्थ घामाघूम होऊन वर आले, पाणीसुद्धा न घेता खिशातली टोपी काढून डोक्यावर ठेवली, आणि त्याच मिनिटाला प्रार्थना सुरू झाली.

मैत्रीण, तिची आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. आम्ही मोजणीत नव्हतोच. माझं ठीक, मी परकी. पण जिचे वडील गेले ती मुलगी आणि जिचा नवरा गेला ती बाई मोजणीत नाही, हे मला तेव्हा बोचलं आणि आजही बोचतं. सुधारक पंथाच्या ज्यूंनी ही अट कधीच सोडून दिली आहे, स्त्रियांनाही मोजतात. तरीही त्या संध्याकाळचं जे मनात रुतून बसलं ते वेगळंच होतं. शोक करायलासुद्धा साथ लागते, आणि ती आणल्याशिवाय पुढे जायचंच नाही, ही गोष्ट.

मी गाणं शिकले ते आपलं हिंदुस्थानी. पाश्चात्त्य संगीत खूप नंतर आलं, आणि तेही नुसतं ऐकून ऐकून. त्यात विसाव्या शतकातल्या ज्यू रचनाकारांकडे मी वळले आणि अडकले. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारानंतर युरोपात त्यांच्या गावांतून, गल्ल्यांतून, सिनेगॉगांतून दहा माणसं उरली नव्हती. अशा वेळी कद्दिश म्हणायचं कुणाबरोबर? माझी समजूत अशी की या लोकांनी आपल्या रचनांमध्ये ते दहा जमवले.

आर्नोल्ड शोनबर्ग व्हिएन्नाचा. १८९८ साली, तरुणपणीच, त्याने ज्यू धर्म सोडून प्रोटेस्टंट पंथ घेतला होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीतलं त्याचं पद गेलं. त्याच जुलैत पॅरिसमध्ये तो विधिवत पुन्हा ज्यू झाला आणि मग अमेरिका गाठली. 'अ सर्व्हायव्हर फ्रॉम वॉर्सा' ही रचना त्याने लॉस एंजेलिसमध्ये ऑगस्ट १९४७ मध्ये लिहिली. आपल्याकडे त्याच महिन्यात फाळणीच्या आगगाड्या धावत होत्या. हे साल-महिना मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचवेना.

रचना जेमतेम सात मिनिटांची. निवेदक गात नाही, बोलतो. पण त्याच्या बोलण्याचा ताल स्वरलिपीत पक्का लिहून दिलेला आहे. वाचलेला एक माणूस सांगतोय की सगळं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच: पहाटेचा बिगुल, मारहाण, मेलेल्यांच्या ढिगात मेल्यासारखं पडून राहणं. मग जर्मन सार्जंट ओरडतो की मोजा. गॅस चेंबरला किती माल पोचवायचा त्याचा हिशेब त्याला हवा असतो. कैदी मोजायला लागतात, अडखळतात, सार्जंट पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावतो. या खेपेला मोजणी हळू सुरू होते, मग भरभर, आणखी भरभर, वाद्यवृंद तिच्या मागे धावत सुटतो, आणि त्या धावण्याच्या टोकाला पुरुषांचा समूह एका सुरात हिब्रूमध्ये 'श्मा इस्रायल' गाऊ लागतो. ऐक इस्रायला, आपला देव एकच आहे. ज्यू माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो आणि मरताना ओठांवर यावी म्हणून धडपडतो, ती ही घोषणा.

मामांची मोजणी आणि सार्जंटची मोजणी मी एकमेकींपासून कधी वेगळ्या करू शकले नाही. एकात माणसांना आकडा लावायचा नाही म्हणून स्तोत्राची ओळ वापरतात. दुसऱ्यात माणसं आकड्यापुरतीच उरली आहेत. शोनबर्ग काय करतो, तर त्या दुसऱ्या मोजणीच्या पोटातूनच प्रार्थना बाहेर काढतो. आकडे म्हणणारे तेच गळे एकाएकी जमाव होतात. आणखी एक गोष्ट लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला निवेदक त्या विसरलेल्या जुन्या प्रार्थनेचा नुसता उल्लेख करतो, तिथे एक हॉर्न, तोंड झाकलेला, अगदी दबक्या आवाजात 'श्मा'चे पहिले स्वर वाजवून जातो. पहिल्यांदा ऐकताना तो कळतही नाही. शेवट माहीत झाल्यावर पुन्हा ऐकलं की अंगावर काटा येतो.

पहिला प्रयोग झाला तो न्यूयॉर्कला नाही आणि लॉस एंजेलिसलाही नाही. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीच्या हौशी नागरी वाद्यवृंदाने तो ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केला. संचालक कुर्ट फ्रेडरिक हाही व्हिएन्नाहून पळून आलेला. समूहगानासाठी आसपासच्या गावांतले, गुरांच्या कुरणांवरचे लोक तालमीला यायचे. रचना संपली तेव्हा श्रोते गप्प बसून राहिले. ती लगेच पुन्हा वाजवली गेली आणि मग टाळ्या पडल्या. हिब्रूचा गंध नसलेल्या त्या गायकांनी 'श्मा' पाठ केलं असेल तेव्हा एकेका अक्षराशी किती झटावं लागलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. वॉर्सातल्या मेलेल्यांना उत्तर देणारे लोक मिळाले ते अमेरिकेच्या वाळवंटात.

तत्त्वज्ञ अडोर्नोने या रचनेबद्दल एक रास्त शंका काढली होती. यातनांची कलाकृती केली की ऐकणाऱ्याला तिच्यातून थोडा तरी आनंद मिळतोच, आणि मग बळी गेलेल्यांवर पुन्हा अन्याय होतो. शंका मला पटते. पण मग काय करायचं, याचं उत्तर मला त्याच्याकडे सापडत नाही. शोनबर्गच्याच एका शिष्याकडे सापडतं.

व्हिक्टर उलमानच्या आईवडिलांनी तो जन्मायच्या आधीच कॅथलिक पंथ घेतला होता. नाझींना त्याचं काही नव्हतं. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याला प्रागच्या उत्तरेकडच्या तेरेझीनला पाठवलं. तेरेझीन ही जुनी तटबंदीची वसाहत, तिचं नाझींनी बंदिवासाचं गाव केलं होतं. तिथून पुढच्या गाड्या पूर्वेला, बहुतेक ऑशविट्झच्या मृत्युछावणीला जायच्या. जगाला दाखवायला मात्र तिथे संगीत, नाटक चालू ठेवलेलं. पिंजऱ्यातलं का असेना, उलमानने ते संगीत तळहातावरच्या फोडासारखं जपलं. दोन वर्षांत वीसहून अधिक रचना केल्या, बंदिवानांच्या मैफलींची परीक्षणं लिहिली, गायकवृंदांसाठी हिब्रू आणि यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतली, गाणी बांधून दिली. ज्या घराने ज्यूपण सोडलं होतं त्या घरचा मुलगा तिथे त्या गाण्यांपाशी आला. १९४४ सालच्या एका टिपणात त्याने लिहिलंय की बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही रडत बसलो नव्हतो, आणि कलेची आमची इच्छा जगण्याच्या इच्छेएवढीच होती. त्याचा रोख १३७व्या स्तोत्राकडे आहे. बंदी करून नेलेले ज्यू बाबेलच्या नदीकाठी वीणा झाडांना टांगून बसतात आणि विचारतात, परक्या भूमीत परमेश्वराचं गीत कसं गावं? उलमानने वीणा झाडाला टांगली नाही.

तिथलंच त्याचं 'अटलांटिसचा सम्राट' हे छोटं ऑपेरा. शब्द पेटर किएन या तरुण चित्रकार-कवीचे. सम्राट सगळ्यांनी सगळ्यांविरुद्ध लढावं असं फर्मान काढतो. या यांत्रिक कत्तलीने अपमानित झालेला मृत्यू कामच थांबवतो. मग कुणी मरेना. फाशी दिलेला मरत नाही, गोळी लागलेले सैनिक मरत नाहीत, सम्राटाचं राज्यच लुळं पडतं. शेवटी मृत्यू परत यायला कबूल होतो, पण पहिला बळी सम्राटाने व्हायचं या अटीवर. वाद्यमेळ्यात सॅक्सोफोन आहे, बँजो आहे, हार्मोनियम आहे, कारण जे वाजवणारे होते त्यांच्यासाठीच हे लिहायचं होतं. १९४४ मध्ये तालमी झाल्या, प्रयोग झाला नाही. ऑक्टोबरात उलमानला ऑशविट्झच्या गाडीत बसवलं, तिथे त्याला मारलं. किएनही ऑशविट्झलाच संपला. ऑपेराचा पहिला प्रयोग झाला १९७५ साली, ॲमस्टरडॅमला.

मला मात्र त्या ऑपेराहून जवळची वाटते ती त्याची पियानोसाठीची सातवी सोनाटा. ऑगस्ट १९४४ मध्ये तिथेच पुरी केली आणि आपल्या मुलांना अर्पण केली. शेवटच्या भागात त्याने एक हिब्रू गाणं घेतलंय, त्यावर एकामागून एक रूपं बांधलीत आणि शेवटी फ्यूग. त्या फ्यूगमध्ये हुसाइटांचं, म्हणजे जुन्या चेक धर्मसुधारकांचं, युद्धगीत येऊन मिसळतं, जर्मन प्रोटेस्टंटांचं 'देवाचे आभार माना' हे भजन येतं, जर्मन रचनाकार बाखच्या नावातल्या चार अक्षरांचे चार स्वर येतात. ज्या जर्मनांनी त्याला डांबलं त्यांचंही उत्तमातलं उत्तम त्याने टाकून दिलं नाही. हिब्रू, चेक आणि जर्मन, सगळ्यांना एका फ्यूगमध्ये बोलायला लावलं. फ्यूग म्हणजे तरी काय, एकाने एक वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या उंचीवरून तेच उत्तर म्हणून द्यायचं. आणि हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर त्याने लिहून ठेवलंय की प्रयोगाचे हक्क रचनाकाराकडे त्याच्या मृत्यूपर्यंत राखीव. दोन महिने उरले होते. प्रयोग होणार, पुढे कुणी तरी ही वाजवणार, हक्कांचा प्रश्न येणार, हे त्याने गृहीत धरलं होतं. अडोर्नोच्या शंकेला मी दुसरं उत्तर शोधलेलं नाही.

अमेरिकन रचनाकार लेनर्ड बर्नस्टाइनच्या तिसऱ्या सिंफनीचं नावच 'कद्दिश'. ती १९६३ च्या डिसेंबरात तेल अवीवला पहिल्यांदा वाजली. लिहून होत आली असताना केनेडींचा खून झाला, म्हणून त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली. यातला निवेदक देवाशी कडाकडा भांडतो, आणि तो भाग बर्नस्टाइनने स्त्रीच्या आवाजासाठी लिहिला. एकल गायनही स्त्रीचंच. ठाण्याच्या त्या दारात उभं राहिलेल्या मला याचं जे वाटलं ते सांगायला नको. रचना म्हणून मात्र ती मला सलग आवडत नाही. बोलणं फार होतं, आणि बोलणं थांबून मुलांचे आवाज येतात तेव्हाच ती खरी वाटते.

मिएचिस्वाव वाइनबर्गबद्दल मात्र जितकं लिहीन तितकं थोडं. वॉर्सात जन्म, १९१९. वडील यिद्दिश नाटकमंडळ्यांत व्हायोलिन वाजवत, चाली लावत. मुलगा तिथल्या संगीतशाळेत पियानो शिकला, शोपँ वाजवत मोठा झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन वॉर्साकडे आले तेव्हा तो आणि धाकटी बहीण एस्तेर पायी पूर्वेकडे निघाले. बहिणीच्या पायात बूट चावायला लागले म्हणून ती घरी परतली. तो चालत राहिला. मिन्स्क, मग ताश्कंद, मग रशियन रचनाकार शोस्ताकोविचच्या मदतीने मॉस्को. आई, वडील आणि एस्तेर यांना नाझींनी मारलं. त्यांचं नेमकं काय झालं हे त्याला कळायला वर्षानुवर्षं लागली. आणि मॉस्कोतही सुटका नव्हती. त्याचे सासरे, यिद्दिश रंगभूमीचे मोठे नट सोलोमन मिखोएल्स, यांना जानेवारी १९४८ मध्ये स्टालिनच्या माणसांनी मारलं आणि अपघात म्हणून जाहीर केलं. फेब्रुवारी १९५३ मध्ये 'ज्यू राष्ट्रवादा'च्या आरोपाखाली खुद्द वाइनबर्गला अटक झाली. मार्चमध्ये स्टालिन मेला, म्हणून तो एप्रिलमध्ये सुटला.

एवढं सोसलेल्या माणसाने वीसहून जास्त सिंफन्या आणि सतरा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचना, लिहिले. युद्ध हा विषय आपण निवडला नाही, आपल्या माणसांच्या वाट्याला जे आलं त्यानेच तो आपल्यावर सोपवला, अशा अर्थाचं तो म्हणायचा. शेवटची मोठी सिंफनी एकविसावी, १९९१ सालची. तिचंही नाव 'कद्दिश', आणि अर्पण वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, मेलेल्यांना. पन्नासेक मिनिटं ती न थांबता चालते. सुरुवातीला व्हायोलिन बराच वेळ जवळजवळ एकटंच असतं. मग कुठून तरी पियानोवर शोपँच्या जी मायनर बॅलडचा तुकडा येतो, पुरा होत नाही, विरतो. लहानपणीच्या घरातली एखादी खोली दिसावी आणि दार लागावं तसा. क्लॅरिनेट लग्नाच्या वरातीतल्या ज्यू वादकांसारखं वाजायला लागतं, पण वरात कुठेच नसते. आणि शेवटच्या भागात एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, गाते. शब्द नाहीत. कद्दिश म्हणवणाऱ्या रचनेत कद्दिशचा एकही शब्द नाही.

हे ऐकून मी ठाण्याच्या मैत्रिणीला फोन केला होता. तिला म्हटलं, शब्दांशिवाय कद्दिश होतं का गं? ती म्हणाली, "बाबांच्या वेळी मला तरी कुठे शब्द येत होते. मी आतून नुसता सूर धरला होता." मग तिने जे सांगितलं ते वाइनबर्गच्या शेवटच्या भागाला लागू पडतं: सूर धरायला तरी कुणी तरी म्हणत असावं लागतं. त्या सोप्रानोभोवती सगळा वाद्यवृंद पसरलेला आहे, शंभरेक माणसं, आणि ती त्यांच्या अंगावर रेलून गाते. ध्वनिमुद्रणात ऐकायची असेल तर मिर्गा ग्राझिनीते-तीला हिने बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाबरोबर केलेलं २०१९ सालचं घ्या. व्हायोलिन गिडोन क्रेमरचं. संचालन करणाऱ्या मिर्गानेच ते शब्दाविण गाणंही गायलं आहे.

आपल्या मुंबईशी ज्याचा सरळ संबंध आहे तो वाल्टर काउफमान. जन्म १९०७, बोहेमियातल्या कार्ल्सबादचा. बर्लिनला शिकला, प्रागला पीएच.डी.चं काम पुरं केलं, आणि आपले प्राध्यापक नाझींच्या गोटातले आहेत हे कळल्यावर पदवी घ्यायचं नाकारलं. १९३४ साली तो मुंबईत उतरला. त्याची बायको गेर्टी ही लेखक काफ्काची भाची. तिची आई एली, काफ्काची बहीण, पुढे नाझींच्या हातून मेली. मुंबईत काउफमानने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यावर मैफल व्हायची, पियानोवर तो, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, आणि चेलोवर इटालियन वादक वेर्गा. १९३७ पासून १९४६ पर्यंत तो मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. आकाशवाणीची सकाळी वाजणारी ती परिचयधून सर्वसाधारणपणे त्याचीच मानली जाते. खाली तानपुरा, वर व्हायोलिन, शिवरंजनीची छाया. कोमल गंधारामुळे आपल्या कानाला ती करुण लागते. पण ती तीसच्या दशकातली आहे, संहाराच्या आधीची, त्यामुळे तिच्यात ऑशविट्झ ऐकणं खोटेपणाचं होईल. मी तिच्यात एवढंच ऐकते, की ज्याला घरी परतता येणार नव्हतं त्याने इथल्या तानपुऱ्यावर विसंबून सूर लावला. मुंबईत लिहिलेल्या त्याच्या क्वार्टेटांमध्ये रागांची वळणं सरळ आत येतात, शोभेला लावल्यासारखी नाहीत. युरोपात भारतीय संगीताच्या तबकड्या त्याने प्रथम ऐकल्या तेव्हा त्याला काहीच कळलं नव्हतं. ज्या संगीतावर लाखो लोक प्रेम करतात ते आपल्याला कळत नसेल तर दोष आपला, असं म्हणून तो ते शिकायला निघाला होता. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने उत्तर आणि दक्षिण भारतातल्या रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलने २०२० मध्ये त्याच्या रचनांचं ध्वनिमुद्रण काढेपर्यंत आपल्याकडेही तो फारसा कुणाला माहीत नव्हता, आणि याची मला लाज वाटते.

आता ज्या गोष्टीपाशी यायला मी कचरत होते ती. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात एक कथा आहे. समुद्र दुभंगून इस्रायली पार झाले, मागून आलेलं मिसरचं सैन्य बुडालं, तेव्हा देवदूत गाऊ लागले. देवाने त्यांना अडवलं: माझ्या हातांनी घडवलेले समुद्रात बुडतायत आणि तुम्ही गाता? मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण म्हणजे पेसाख, त्याच्या जेवणात मिसरवरच्या दहा संकटांची नावं घेताना प्रत्येकाने पेल्यातून द्राक्षरसाचा एकेक थेंब काढून टाकायचा असतो. दुसऱ्याच्या मरणाने आपला पेला तेवढा कमी भरायचा, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे शत्रूच्या मरणावर गाऊ नये हे बाहेरच्यांनी शिकवायची गरज नाही, ते त्यांच्याच ग्रंथात आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली गेली. त्यानंतर गाझात हजारोंनी माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं. माझ्या मैत्रिणीची भावंडं इस्रायलमधल्या अश्दोदला आहेत. त्या दिवसांत ती रात्ररात्र जागी असायची, आणि पुढे गाझाची चित्रं पाहूनही जागी असायची. एकदा म्हणाली, "कुणाकुणासाठी म्हणायचं आता?" माझ्या मते आज ज्या ज्यू रचनाकाराला या युद्धावर लिहायचं आहे त्याच्यापुढचा प्रश्न हाच आहे, आणि त्या देवदूतांची कथा वगळून त्याला पुढे जाता येणार नाही. आपल्याच मेलेल्यांना मोजणारी रचना पुरी होईल असं मला वाटत नाही. पियानोवादक-संचालक बारेनबॉइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ साली इस्रायली आणि अरब तरुणांचा एकत्र वाद्यवृंद उभा केला, तो निदान याच दिशेने टाकलेलं पाऊल होतं. एकाच स्टँडवरची स्वरलिपी दोघांनी वाचायची आणि पान कुणी तरी एकाने उलटायचं.

अलीकडच्या काळातली मला सगळ्यात धीराची वाटलेली रचना अमेरिकन ज्यू रचनाकार स्टीव्ह राइशची. त्याची 'डिफरंट ट्रेन्स' (१९८८) पुष्कळांनी ऐकली असेल. लहानपणी, १९३९ ते १९४२ मध्ये, आईवडील वेगळे राहत म्हणून तो न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस रेल्वेने ये-जा करायचा; त्याच वर्षांत युरोपात असतो तर कुठल्या गाडीत असतो, हा त्याचा प्रश्न. त्याने संहारातून वाचलेल्यांच्या आवाजांचे तुकडे घेतले, त्यांच्या बोलण्यातले चढउतार स्वरलिपीत उतरवले, बायकांचा आवाज व्हायोला उचलते, पुरुषांचा चेलो. साक्षीदार बोलतो आणि वाद्य लगेच त्याचंच वाक्य पुन्हा म्हणतं. कद्दिशमध्ये उत्तर देतात तसंच.

पण मला बोलायचंय ते 'डॅनियल व्हेरिएशन्स'बद्दल, २००६ सालच्या. डॅनियल पर्ल हा 'वॉल स्ट्रीट जर्नल'चा दक्षिण आशियातला प्रतिनिधी, राहायला मुंबईत. जानेवारी २००२ मध्ये कराचीत त्याचं अपहरण झालं आणि पुढे त्याला मारलं. मारणाऱ्यांनी त्याला कॅमेऱ्यासमोर स्वतःचं नाव आणि आपण ज्यू असल्याचं बोलायला लावलं. पर्ल व्हायोलिन वाजवायचा. त्याचे वडील ज्यूडिया पर्ल यांनी राइशला रचना करायची विनंती केली. राइशने चार भाग केले. पहिल्या आणि तिसऱ्याचे शब्द बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातले, बाबेलच्या राजाला पडलेल्या भीतीदायक स्वप्नाचे. इराकचं युद्ध तेव्हा चालू होतं, आणि बाबेल इराकमध्येच. दुसऱ्या भागात फक्त एक वाक्य: माझं नाव डॅनियल पर्ल. कद्दिशमध्ये मेलेल्याचं नाव नसतं, आणि इथे नावाखेरीज दुसरं काही नाही. ज्यांनी मारलं त्यांनी ते वाक्य त्याच्याकडून एकट्याकडून वदवून घेतलं होतं. राइशने ते चार गळ्यांना दिलं, आणि त्यांच्या पुढे तंतुवाद्यं ठेवली, कारण पर्लचं वाद्य व्हायोलिन. तोच उच्चार भीती झटकून, भरभरून, पुन्हा पुन्हा येत राहतो. चौथ्या भागाची ओळ पर्लच्या आवडत्या जॅझमधून आलेली: दिवस मावळेल तेव्हा गाब्रिएल देवदूताला माझं संगीत आवडो. हा भाग चक्क आनंदी आहे. पहिल्यांदा ऐकताना मला तो आनंद सोसला नव्हता, आणि मग आठवलं की कद्दिशही स्तुतीच आहे.

१० ऑक्टोबर ही पर्लची जन्मतारीख. त्याच्या नावाने दरवर्षी ऑक्टोबरात जगभर मैफली होतात. ज्या शहरात तो राहत होता तिथे ही रचना वाजवली जावी असं मला मनापासून वाटतं. चार गायक, दोन क्लॅरिनेट, चार व्हायब्राफोन, चार पियानो, एक स्ट्रिंग क्वार्टेट आणि तालवाद्यं एवढं तिला लागतं. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या मंचावर हे सगळं मावतं. व्हायब्राफोन कदाचित बाहेरून आणावे लागतील, पियानोंची जुळवाजुळव करावी लागेल. मैत्रीण म्हणाली, तारीख ठरली तर ठाण्याहून पंचवीस-तीस जण तरी ती घेऊन येईल, आणि त्यात बायकाही मोजायच्या.